चौथा, पण पोचला

‘डोळे मिटा. आता घोडे निघतील.’

अण्णांचा आवाज असा आधी यायचा, मग घोडे यायचे. आवाज मोठा नव्हता, भारदस्तही नव्हता. तेल मुरलेल्या चामड्यासारखा होता, वाकेल तसा वाकणारा आणि कुठंही न चिरणारा. रेडिओभोवती बसलेली माणसं खरोखरच डोळे मिटून घेत. मग त्यांना हिरवं मैदान दिसे, उडालेली माती दिसे, घोड्यांच्या नाकपुड्यांतली वाफ दिसे. अण्णा मात्र त्या मैदानावर नसायचेच. ते असायचे शहराच्या मध्यावर, एका इमारतीच्या आतल्या खोलीत. तिच्या भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकी नावाला नाही. एका कानाला टेलिफोन, तोंडापुढे माइक. मैदानावरचा माणूस टेलिफोनवर नुसता क्रम सांगे: या खांबापाशी काळा, तांबडी, करडा. बस्स, एवढंच. त्या तीन शब्दांना अण्णा धूळ लावत, घाम लावत, वारा लावत, आणि शर्यत उभी करत.

पायाशी त्यांची मुलगी टापी बसलेली असे. फ्रॉकातली, गुडघे दुमडून. पुढ्यात वाळूचं ताट, हातांत दोन लाकडी वाट्या. घोड्यांच्या टापा वाजवायचं काम तिचं, म्हणून तिचं नाव टापी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं.

शर्यत मैदानावर जरा आधी व्हायची आणि रेडिओवर जरा मागाहून. घरोघरी घोडे शेवटच्या वळणाला आलेले असत, तेव्हा मैदानावर मोतद्दार त्यांचं अंग पुसत असत. लहानपणी टापीला याची मोठी गंमत वाटे. जे होऊन गेलंय ते लोकांसाठी अजून चालू आहे, आणि ते चालू आहे तिच्या दोन वाट्यांवर. पुढे एका दुपारी ती गंमत संपली ती संपलीच.

आता टापीच्या केसांत रुपेरी दोरे होते, आणि हातात वाट्यांऐवजी सुई. जॉकींचे रंगीत रेशमी सदरे ती शिवायची. शेवटचा सदरा, अर्धा निळा अर्धा पिवळा, मशीनवर तसाच पडून होता. ज्या मालकानं सांगितला होता त्यानं घोडाच विकून टाकला होता. रेसकोर्स बंद होत होतं. आज शेवटची शर्यत, आणि रेडिओवरचंही शेवटचं वर्णन. सकाळपासून तबेल्यातले घोडे एकेक करून रस्त्यानं स्टेशनकडे चालले होते. बाहेर धुकं असं दाट होतं की घोडा दिसायचा नाही, नुसत्या टापा यायच्या, खिडकीखालून जायच्या, आणि विरायच्या.

‘बंद कर ती खिडकी,’ दादा म्हणाला. ‘अंगावर काटा येतो. कुणीतरी घर सोडून चाललंय असं वाटतं.’

दादा टापीचा थोरला भाऊ. खाली खोगिरांचं दुकान त्याचं, वर ही बसायची खोली. शर्यतीच्या दिवशी सगळ्यांनी इथं जमायचं हा अण्णांपासूनचा शिरस्ता. अण्णा जाऊन दोन हिवाळे झाले तरी मोडला नव्हता. खोलीत जुना लाकडी रेडिओ, त्याच्या तोंडावर जाळीदार कापड, वर एक हिरवा डोळा. रेडिओच्या शेजारी खुर्चीत काकू. त्यांच्यात सगळ्यांत वडीलधारी आता तीच. तिचे कान केव्हाच गेले होते. समोर बसून ओठ दाखवून बोललं तर तिला कळे. पण रेडिओ ती तळव्यानं ऐकायची. पेटीच्या कडेवर हात ठेवायची आणि म्हणायची, ‘जनावराच्या पोटासारखी ऊब असते हिला. आत काय चाललंय ते हाताला कळतं.’

समोरचा न्हावी नेहमीसारखा आला होता. त्याला सगळी गल्ली कात्री म्हणे, धंद्यामुळे निम्मं आणि जिभेमुळे निम्मं. वहिनीनं चहा आणला, बिस्किटं आणली, आणि बिस्किटांची संख्या बघून कात्रीनं विचारलं की हीही मंदीतली आहेत का. मग गाडी नेहमीच्या रुळावर आली.

सकाळी रेडिओवर कुणी तज्ज्ञ बोलला होता की अर्थव्यवस्था आता वळण घेते आहे. दादाचं म्हणणं, वळण घेताना घोडा पडतो, सरळ धावताना नाही. त्याच्या मते मंदी बाजारात नंतर दिसते, आधी खोगिरावर दिसते. बरे दिवस असले की मालक नवा तंग, खोगिराचा पोटपट्टा, मागतो, वाईट दिवस आले की जुना शिवून द्या म्हणतो, आणि त्याहून वाईट आले की शिवलेला न्यायलाही येत नाही. कात्रीनं आपलं शास्त्र मांडलं: माणसं आधी केस वाढवतात, मग दाढी, आणि दाढ्या वाढल्या की समजावं, आता सरकार पडणार. यावर वहिनी म्हणाली की घरातल्या घरात तिला दोन्ही वाढलेलं दिसतंय, पण पडताना कुणी दिसत नाही. दादानं हनुवटी चाचपली.

एवढ्यात जिना वाजला आणि धाकटा वर आला. धाकटा म्हणजे काकूचा मुलगा, बँकेत काम करणारा, घरातला एकुलता एक टाय बांधणारा माणूस. काका गेले तेव्हा तो पोटात होता. काका, अण्णांचे धाकटे भाऊ, जॉकी होते. करड्या घोड्यावर बसायचे. ते गेले तो दिवस घरात सगळ्यांना पाठ होता: शेवटच्या मोठ्या शर्यतीत करडा चौथा आला, शेवटची रेघ ओलांडली, आणि थांबता थांबता त्याचा पाय मुडपला, काका खाली आले ते उठले नाहीत. रेघ ओलांडून गेले. शर्यत पुरी करून गेले. ‘चौथा, पण पोचला’ ही घरातली म्हण झाली होती. कुणी जेमतेम पास झालं तरी तीच, दुकानानं एक वाईट वर्ष ढकललं तरी तीच. काकूनं आयुष्यातल्या किती रात्री त्या तीन शब्दांवर डोकं टेकून काढल्या होत्या, ते तिचं तिलाच ठाऊक.

धाकट्याच्या हातात पिशवी होती आणि चेहऱ्यावर काहीतरी दडवलेलं. पण दादानं त्याला आधी अर्थव्यवस्थेवरच धरलं. बँकेच्या कागदावर आकडे सुधारतायत असं तो म्हणताच दादा म्हणाला, ‘कागदावर काढलेल्या घोड्याला चारा लागत नाही रे. मैदान विकलं, तिथं गोदामं होणार. मग घोडं नेमकं कुठं पेंड खातंय, ते तरी सांग.’

‘आज ते राहू दे, दादा,’ धाकटा म्हणाला. तो काकूसमोर गुडघ्यांवर बसला, तिला ओठ दिसतील असा. ‘आई, रेडिओवाल्यांच्या अडगळीत जुन्या टेप निघाल्या. मी त्यांना लिहिलं होतं, भेटून आलो. आजच्या शर्यतीनंतर ते अण्णांची शर्यत लावणार आहेत. बाबांची शर्यत. ती शेवटची. पहिल्यापासून शेवटपर्यंत.’

वहिनीनं तोंडावर हात ठेवला. दादा उठून धाकट्याच्या पाठीवर थाप मारू लागला. काकू मुलाच्या ओठांकडे जराशी जास्तच वेळ पाहत राहिली, मग तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला.

‘मी त्यांना कधी पाहिलं नाही,’ धाकटा टापीकडे वळून म्हणाला. ‘निदान पोचताना तरी ऐकेन. आणि तू आहेस की त्यात, ताई. तुझ्या टापा आहेत.’

टापीच्या बोटांत सुई होती, ती गालिच्यात पडली. तिनं वर पाहिलं, आणि तिची नजर कात्रीच्या नजरेला अडली. कात्री त्या दिवशी मैदानावर होता. आजवर त्यानं त्या शर्यतीबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आणि त्याचं कारण टापीला ठाऊक होतं. घोड्यांच्या दुनियेत एक नेम होता: स्वार जिथं पडला ती जागा तोंडावर आणायची नाही. आणली की तिथं दुसरा पडतो. म्हणून जे पाहणारे होते ते सगळे गप्प राहिले, आधी त्या भीतीनं, मग अण्णांच्या भिडेनं, मग सवयीनं. कात्रीनं कप खाली ठेवला आणि दुकान उघडं टाकून आलोय असं पुटपुटला. वहिनी म्हणाली, आज शर्यतीचा दिवस, दुकान बंद आहे तुमचं. तो खाली बसला आणि पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागला.

टापीनं दादाला स्वयंपाकघरात बोलावलं, किटली उचलायला म्हणून.

तिथं, ओट्याला पाठ लावून, जे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते तिनं त्याला सांगितलं. फार हलक्या आवाजात, भिंतीपलीकडे बहिरी बाई आहे हे माहीत असूनही. त्या दिवशी घोडे मागच्या वळणाला आले आणि टेलिफोनवर बोलत असलेला माणूस मधेच थांबला. मग काहीतरी बोलला. अण्णांचा चेहरा तिनं पाहिला. त्यातून रक्त असं गेलं जसं फडकं पिळल्यावर पाणी जातं. करडा वळणावर कठड्याला आदळला होता. काका जागच्या जागी गेले होते. मैदानावर सगळं संपलं होतं, आणि रेडिओवर काका अजून घोड्यावर होते. घरी काकू ऐकत होती. पोटात हा. अण्णांनी एक श्वास घेतला आणि करड्याला धुळीतून बाहेर काढलं. पहिल्या तिघांत त्याला आणता येत नव्हतं, त्यावर लोकांचे पैसे लागलेले. चौथ्या घोड्याची चौकशी कुणी करत नाही. म्हणून चौथा.

‘नंतर अण्णांनी वाळू हातानं सपाट केली,’ टापी म्हणाली. ‘आणि मला म्हणाले, काका चौथा आला. पोचला. कळलं? मी म्हटलं, कळलं.’

दादानं किटलीचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाला, ‘आणि आम्ही म्हण केली त्याची.’

‘टेपमध्ये मधेच टापा थांबतात, दादा. मी थांबले होते. अण्णांनी खूण केली तेव्हा परत सुरू केल्या. धाकट्याला नाही कळणार. काकूनं तेव्हा कानानं एकदाच ऐकलं, निसटलं असेल. पण आता तिचा हात असतो पेटीवर. टापाच तर कळतात तिला. ती विचारेल, इथं का थांबला? मग काय सांगू? या वयात तिच्या उशाखालून ते काढून घेऊ?’

दादा कधी कुणाच्या बाजूनं चटकन व्हायचा नाही. अण्णांच्या मागं दुकानाच्या वाटणीतसुद्धा तो महिनाभर दोन्हीकडे होता. पण आता त्यानं जिन्याखालच्या फ्यूजच्या पेटीकडे हनुवटीनं खूण केली. ‘मंदीत वीज जायला काय कारण लागतं?’ तो म्हणाला, आणि किटली तिच्या हातात देऊन खाली उतरला.

टापी बाहेर आली तेव्हा शेवटची शर्यत सुरू झाली होती. नवा निवेदक तरुण होता, मैदानावर उभा राहून खरं तेच सांगत होता, आणि तरीही काही दिसत नव्हतं. धुक्यामुळे त्यालाही दिसत नसावं. घोडे आहेत, तो म्हणत होता, घोडे असावेत, पलीकडच्या बाजूला काहीतरी हलतंय. कात्री म्हणाला की याच्यापेक्षा आपले अण्णा गादीच्या खोलीत बसून जास्त बघायचे. कुणी हसलं नाही. कुठलासा घोडा जिंकला. टाळ्या फारच थोड्या वाजल्या, रिकाम्या गोदामात वाजाव्यात तशा. आणि मग निवेदकानं नमस्कार केला, आणि आता एक जुना आवाज, असं काहीतरी म्हणाला.

त्याच क्षणी खोलीतला दिवा गेला.

टापीनं श्वास सोडला. पण रेडिओचा हिरवा डोळा तसाच उघडा होता.

‘बघा,’ धाकट्याचा आवाज अंधुक उजेडात हसला, ‘मला माहीतच होतं, ऐन वेळी वीज दगा देणार. मघाशी ताई आत होती तेव्हाच बॅटरी जोडून ठेवलीय.’ पिशवीत ती होती तर.

दादा जिन्यात येऊन उभा राहिला. दिवा गेल्यावर खिडकीतून नुसतं राखाडी धुकं आत आल्यासारखं झालं होतं, आणि त्या उजेडात माणसांचे चेहरे पाण्याखालून दिसावेत तसे दिसत होते. टापीनं पुढे होऊन रेडिओच्या खुंटीकडे हात नेला. वहिनीनं तिचं मनगट धरलं. ‘असू दे गं,’ ती कुजबुजली, ‘एवढ्या हौसेनं आणलंय पोरानं.’ तिला काय ठाऊक. कापडी जाळीमागं खरखर झाली, वाळलेल्या पानांवरून कुणी चालत यावं तशी. आणि तो खोलीत आला.

‘डोळे मिटा. आता घोडे निघतील.’

दोन वर्षांपूर्वी ज्याच्या ओठांत शेवटचं पाणी सोडलं तो माणूस, तरुण होऊन, जाळीच्या मागून बोलत होता. खोलीतल्या सगळ्यांनी डोळे मिटले. दादानं जिन्यात उभ्या उभ्या मिटले, कात्रीनं मिटले, धाकट्यानं तर लहान मुलासारखे घट्ट आवळले. टापीला मिटवेनात. तिनं पाहिलं, काकूचेही डोळे उघडे होते. तळवा पेटीवर, नजर समोरच्या धुक्यात.

घोडे निघाले. काळा पुढे, काळ्याच्या खांद्याला तांबडी, दोघांच्या मध्ये उन्हाची एक चीर मावेल एवढीच फट. आणि त्यांच्या मागं, अण्णा म्हणाले, मागं आपला करडा. घाई नाही त्याला. त्याला वाट ठाऊक आहे.

आणि करड्याच्या टापा आल्या. टापीच्या हातांना त्या बसल्या जागी आठवल्या. बाकीच्या घोड्यांच्या टापा ती सारख्या वाजवायची, करड्याच्या वेगळ्या. त्याच्या मागच्या पायात लहानपणची काही खोड होती, तीन टापा एका मापाच्या पडत आणि चौथी पाऊल विसरून आठवल्यासारखी जराशी उशिरा. काकांनीच तिला शिकवली होती. जेवताना ते ताटाच्या कडेवर बोटांनी वाजवायचे, टप् टप् टप्, आणि मग, टप्. आणि काकू वाढता वाढता म्हणायची, जेवतानातरी उतरा हो खाली. पुढंही शांत दुपारी काकू हातशिलाई करताना गुणगुणायची, आता आतापर्यंत गुणगुणायची:

गेला गं वाऱ्यासंगं, टाप वाजते अजून
दार लोटू नका बाई, येईल वळसा घालून

रेडिओत घोडे पलीकडच्या बाजूला गेले. अण्णांचा आवाज चढू लागला. काळा, तांबडी, आणि आता करडा सुटलाय, करड्यानं मान लांब केली, येतोय, मागच्या वळणावर येतोय, आणि वळणावर

टापा थांबल्या.

रेडिओत काही उरलं नाही. नुसती खरखर. त्या पोकळीत टापीला स्वतःचा श्वास ऐकू आला, लहानपणचा, की आताचा. आणि मग खालून, रस्त्यावरून, धुक्यातून, टापा आल्या. तबेल्यातला कुठलासा घोडा स्टेशनकडे चालला होता. येत होता सावकाश, कुणाचा आवाज नाही, हाकाटी नाही. टप् टप् टप्. आणि मग, जराशी उशिरा, टप्.

टापीनं कात्रीकडे पाहिलं. त्याचे डोळे उघडले होते आणि तो खिडकीकडे बघत होता. उठून वाकून पाहायचं धाडस दोघांपैकी कुणाला झालं नाही.

‘वळणावर धूळ आहे,’ रेडिओतून अण्णा म्हणाले. आवाज तोच, पण चामडं कुठंतरी चिरलं होतं. ‘धूळ फार आहे.’ आणि मग, ‘करडा… करडा धुळीतून बाहेर येतोय. येतोय. हळूहळू येतोय.’

वाट्या परत वाजू लागल्या. एका लहान मुलीचे घाबरलेले हात, वाळूवर. टप् टप् टप् टप्. टप् टप् टप् टप्. चारही टापा एका मापाच्या.

खाली रस्त्यावर ती उशिराची टाप दूर दूर गेली आणि विरली. वर रेडिओत करडा धावत राहिला, सरळ, निर्दोष, कुठल्याही घोड्यासारखा. टापीनं आपले हात पाहिले. आजवर तिला हे ठाऊकच नव्हतं. अण्णांनाही नसावं. खूण केल्याबरोबर तिनं घोडा सुरू केला होता, पण करडा सुरू केला नव्हता. तिचे हात चौथी टाप विसरले होते.

‘काळा पहिला. तांबडी दुसरी. बदामी तिसरा. आणि मागून, एकटाच, सावकाश… करडा. चौथा.’ अण्णा थांबले. ‘पोचला.’

खरखर झाली आणि कसलंसं संगीत लागलं. दादानं पुढे होऊन रेडिओ बंद केला. हिरवा डोळा मिटत गेला. दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही.

धाकटा तोंड ओंजळीत घेऊन बसला होता. मग त्यानं डोळे पुसले, आईच्या समोर सरकला, आणि त्या अर्धवट उजेडात तिला ओठ दिसावेत म्हणून अगदी जवळ गेला. ‘आई,’ तो म्हणाला, ‘ऐकलंस? पोचले बाबा.’

काकूचा तळवा अजून पेटीवर होता. पेटी आता निवत चालली असणार. टापी मधे पडली. दमलीस का, जरा आडवी होतेस का, असं काहीबाही तिनं विचारलं. काकूनं मान हलवली आणि म्हणाली, ‘टापी, तुझा हात दे.’

टापीनं हात दिला. काकूनं तो खुर्चीच्या हातावर पालथा ठेवला, आणि त्याच्यावर आपल्या म्हाताऱ्या बोटांनी वाजवलं: तीन सारख्या, आणि मग, जराशी उशिरा, चौथी.

‘हा तो,’ ती म्हणाली.

मग तिनं परत वाजवलं. चारही सारख्या.

‘आणि ही तू.’

कात्रीनं मान खाली घातली. वहिनी दादाकडे बघू लागली, दादा टापीकडे. धाकटा एकदा त्या बोटांकडे आणि एकदा आईच्या तोंडाकडे पाहत होता.

‘म्हणजे काय, आई?’

काकूनं त्याचं डोकं आपल्या पोटाशी ओढून घेतलं, तो पोटात असताना हात ठेवायची तिथंच. आवाज तिला स्वतःला ऐकू येत नव्हता, म्हणून ती नेहमीच जरा मोठ्यानं बोले. आज मात्र अगदी हळू बोलली.

‘तुझी गोष्ट चांगली आहे बाळा, तीच ठेव. मीही ठेवली. भाऊजी त्या संध्याकाळी आले, चपलाही न काढता दारात उभे राहिले आणि म्हणाले, चौथा आला गं, धाकटे. पोचला. त्यांचे ओठ असे थरथरत होते. मी म्हटलं, हो, ऐकलं मी. दुसरं काही म्हटलं असतं तर त्यांचा आवाज कायमचा बसला असता, आणि घर त्याच आवाजावर चालायचं होतं. पुढं ते म्हातारे झाले, तरी दर शर्यतीला माझ्याकडे एकदा बघायचे, अजून कळलं नाही ना हिला, असं. मी रेडिओवर हात ठेवायची आणि हसायची.’

खाली रस्त्यावर आता काहीच वाजत नव्हतं.

‘पण मला त्याच क्षणी कळलं होतं, टापी. वळणावरच राहिला तो. तिथून पुढे भाऊजी धावले.’